सही दुसऱ्या पानावर

२०१४ साली आमच्या पतसंस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस झेरॉक्स होऊन आली, तेव्हा अध्यक्षांची सही दुसऱ्या पानावर गेली होती. एकटीच. पहिल्या पानावर तारीख, वेळ, ठिकाण, सभेपुढचे अकरा विषय आणि कोरमअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी होईल ही नेहमीची टीप, सगळं जागच्या जागी. पान उलटलं की माथ्यावर ‘अध्यक्ष’ आणि खाली कोरा कागद. अध्यक्षांनी, म्हणजे अण्णांनी, कागद दोन्ही बाजूंनी पाहिला आणि मला विचारलं, “ताई, मला संस्थेतून काढलं की काय?”

सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण ऑफिसातले संगणक फुकटच्या सॉफ्टवेअरवर न्यायचा हट्ट माझा होता. सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची आणि नोटीस चौदा दिवस आधी सभासदांच्या हातात पडायची, हे सहकारात काम करणाऱ्या कुणालाही झोपेत विचारलं तरी सांगता येतं. हाताशी दिवस कमी होते, आणि झेरॉक्सचे दोन गठ्ठे वाया गेले होते.

मी या संस्थेत २००३ साली संगणक ऑपरेटर म्हणून लागले. एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र आणि मराठी टायपिंग, एवढीच पुंजी. खात्यांचं, कर्जाचं सॉफ्टवेअर वेगळं होतं, आजही आहे, त्याला हात लावायचा प्रश्नच नव्हता. मी म्हणते ते बाकीचं सगळं: पत्रं, नोटिसा, इतिवृत्तं, अहवाल, थकबाकीच्या याद्या, पिग्मीचे तक्ते. हे सगळं एका जुन्या ऑफिस पॅकेजात चालायचं. ते पॅकेज आमच्याकडे कसं आलं, तर संगणक बसवणाऱ्याने ‘टाकून दिलं’ होतं. तेव्हा असंच म्हणायची पद्धत होती, आणि टाकून दिलेल्या गोष्टीचं बिल कुणी मागत नाही.

बिल मागितलं आमच्या संचालक मंडळातल्या एका निवृत्त गुरुजींनी. ८ एप्रिल २०१४ ला विंडोज एक्सपी आणि ऑफिस २००३ या दोन्हींना कंपनीचा आधार मिळणं एकाच दिवशी बंद झालं. त्याबद्दल पेपरात वाचून त्यांनी सभेत विचारलं, “आपलं कुठलं? आणि त्याची पावती कुठंय?” कपाटं उघडली, फायली खाली काढल्या. पावती नव्हतीच. दहा संगणकांसाठी विकत घ्यायचं तर आकडा ऐकून मंडळ गप्प झालं. मी लिब्रेऑफिस या फुकटच्या पॅकेजाचं नाव काढलं. भाचा इंजिनिअरिंगला होता, त्याच्या लॅपटॉपवर पाहिलं होतं. गुरुजींनी एकच शंका काढली, “आपल्या जुन्या फायली उघडतील?” मी छातीठोकपणे सांगितलं, उघडतील.

आणि उघडल्याही. हे मला आजही सांगावंसं वाटतं. अकरा वर्षांच्या फायली, एकही अडली नाही. पण ‘उघडते’ आणि ‘होती तशी उघडते’ यांच्यामध्ये किती मोठा गाव वसलेला असतो, ते मला ठाऊक नव्हतं.

सहीचं कोडं सुटायला एक संध्याकाळ गेली. सहा नव्या संगणकांवर बिलासकट घेतलेलं विंडोज होतं, चार जुन्यांवर भाच्याने उबुंटू घालून दिलं होतं. लिब्रेऑफिस दोन्हीकडे एकच. नोटीस मी माझ्या विंडोजच्या संगणकावर तपासली होती आणि तिथे सही पहिल्याच पानावर होती. छापताना फाईल उघडली ती मागच्या खोलीतल्या उबुंटूवर, कारण प्रिंटर तिथे. तीच फाईल, तेच सॉफ्टवेअर, आणि पान वेगळं. म्हणजे मी ज्याला दोष देत होते त्याचा यात काही संबंधच नव्हता. फरक फॉन्टचा होता. नोटीस मंगलमध्ये होती. मंगल विंडोजबरोबर येतो, उबुंटूवर नसतो. तिथे त्याची जागा लोहित नावाच्या फॉन्टने घेतली, आणि दोघांच्या ओळींच्या उंचीत किंचित फरक. एका ओळीला केसभर, चाळीस ओळींना सही. मौज अशी की फॉन्टच्या चौकटीत नाव ‘मंगल’च दिसत होतं. फाईल आपल्या मूळ फॉन्टचं नाव सोडत नाही. पडद्यावर दुसराच त्याच्या जागी उभा असतो, लग्नात कुणाच्या तरी नावाने आहेर लिहून घेतात तसा.

इंग्रजीत हा घोळ कमी होतो, कारण तिथे कुणीतरी आधीच विचार करून ठेवला आहे. २००७ साली रेड हॅटने लिबरेशन नावाचे फॉन्ट काढले, ते एरियल आणि टाइम्स न्यू रोमनच्या अक्षर-रुंदीबरहुकूम बेतलेले आहेत. आकार वेगळा, पण प्रत्येक अक्षराने अडवलेली जागा तेवढीच. कालिब्रीच्या जागी बसणारा कार्लिटोही तसाच. त्यामुळे ओळ जिथे मोडायची तिथेच मोडते. मंगलच्या मापाचा असा जुळा भाऊ मला कुठे मिळाला नाही. मंगल हे काम र. कृ. जोशींचं, सुलेखनकार आणि कवी म्हणून मराठी वाचकाला माहीत असलेले तेच. आपण वर्षानुवर्षं ज्या अक्षरांत थकबाकीच्या नोटिसा काढतो त्यामागे एका कवीचा हात आहे, हे कळलं तेव्हा मला उगीचच बरं वाटलं.

पण खरं सांगायचं तर फॉन्टने सही ढकलली, इतकी हलकी ती कुणी ठेवली होती? त्या संध्याकाळी मी कंट्रोल-एफ-टेन दाबलं. ही कळ दाबली की लिब्रेऑफिसच्या रायटरमध्ये एरवी न दिसणाऱ्या खुणा दिसू लागतात: प्रत्येक मोकळ्या जागेला एक ठिपका, टॅबला बाण, प्रत्येक एंटरला परिच्छेदाचं चिन्ह. पडद्यावर ठिपक्यांची रांगोळी उमटली. ‘अध्यक्ष’ हा शब्द उजवीकडे नेण्यासाठी बासष्ट ठिपके. सहीला जागा सोडायला सहा रिकामे परिच्छेद. विषयांचे आकडे हाताने टाकलेले आणि त्यांच्या पुढचं अंतर कुठे चार ठिपके, कुठे पाच. मथळा मधोमध आणायला डावीकडे ठिपके आणि, का कोण जाणे, उजवीकडेही.

हे सगळं मीच केलेलं होतं. अकरा वर्षं. आम्ही टाइपरायटरवर शिकलेली माणसं. संगणक आला तेव्हा आम्हाला तो पुसता येणारा टाइपरायटर वाटला. तिथे गाडी पुढे सरकवायला स्पेसबार मारायचा, इथेही मारला. पडद्यावर बरोबर दिसतंय ना, मग झालं. सॉफ्टवेअरला आम्ही कधी सांगितलंच नव्हतं की हा मथळा आहे, ही यादी आहे, ही सही आहे आणि ती वरच्या मजकुराला सोडून जाणार नाही. आम्ही फक्त शाईचे डाग योग्य जागी पडतील असं पाहिलं होतं. एका संगणकावर, एका फॉन्टात, एका प्रिंटरवर ते पडत होतेही. एक काडी हलली आणि सगळं घरटं सरकलं.

त्यापेक्षा वाईट दशा ताळेबंदाची होती. डावीकडे भांडवल आणि देणी, उजवीकडे मालमत्ता आणि येणी, मध्ये उभी रेघ. ती रेघ कीबोर्डावरच्या उभ्या दांडीची, ओळीमागून ओळ टाकलेली. नव्या फॉन्टात ती रेघ शेतातल्या बांधासारखी वाकडीतिकडी जात होती. गुरुजी म्हणाले, “ताळेबंद जुळला नाही की असं दिसत असावं.”

तो पाऊसकाळ मी नोटीस, ताळेबंद, अहवाल, मागणीपत्र आणि जप्तीपूर्व नोटीस अशा पंधरा-सोळा फायली मुळापासून नव्याने बांधण्यात घालवला. मथळ्यांना शैली, यादीला आपोआपचे आकडे, ताळेबंदाला खराखुरा तक्ता, सहीच्या वरच्या परिच्छेदांना ‘पुढच्याला धरून राहा’ ही सूचना. रायटरमध्ये एक गोष्ट अंगवळणी पडायला वेळ लागला: तिथे एकाच शैलीत पाश्चात्त्य लिपीचा फॉन्ट वेगळा आणि देवनागरीसारख्या जोडाक्षरी लिप्यांचा वेगळा असतो. आकारही वेगवेगळा. मी मथळ्याची शैली १६ ची केली तर ‘पिन ४१६’ छाप इंग्रजी तुकडा मोठा झाला आणि मराठी मथळा १२ वर ढिम्म. दोन दिवस मी त्या सॉफ्टवेअरच्या नावाने बोटं मोडत होते. मग सेटिंगमध्ये ती दुसरी चौकट दिसली. भाषा हिंदी होती, ती मराठी केली. त्याचा एक अनपेक्षित फायदा झाला. काही फॉन्टांमध्ये हिंदी आणि मराठी वळणाचे ल आणि श दोन्ही भरलेले असतात, भाषा मराठी ठेवली की आपले येतात. गुरुजींनी अहवालाचं कच्चं पान डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाले, “हा आपला ल. इतकी वर्षं लाडूच्या जागी काय वाढत होतात?”

पुढे आम्ही मंगल सोडला आणि मुक्त परवान्याचा मुक्ता घेतला, मुंबईच्या एक टाइपचा. दहाही संगणकांवर तो घातला. बाहेर जाणाऱ्या महत्त्वाच्या फाईलमध्ये फॉन्ट आतच बांधून पाठवायची सोय लिब्रेऑफिसात आहे. फाईल जरा जाड होते, पण पाहुणीने स्वतःची पथारी घेऊन यावं तशी निश्चिंत असते.

इथपर्यंतचे घोळ दिसणारे होते. खरा घाम फुटला तो न दिसणाऱ्यांनी.

जुनी डीओसी फाईल उघडून दुरुस्त करून सेव्ह केली की लिब्रेऑफिस विचारायचं: आहे त्याच प्रकारात ठेवू, की ओडीएफमध्ये? प्रश्न रास्त आहे. पण काऊंटरवर पाच माणसं उभी असताना तो कोण वाचतो? आमच्या कॅशियर बाई एका दिवशी एक बटण दाबायच्या, दुसऱ्या दिवशी दुसरं. महिन्याभरात प्रत्येक फाईलला जुळं झालं. थकबाकी यादी डॉट डीओसी आणि थकबाकी यादी डॉट ओडीटी. एकीत मार्चपर्यंतचे बदल, दुसरीत जूनचे, आणि फोल्डरात शेपटी लपवलेली असल्यामुळे दोघींची नावं एकसारखी. कर्ज फेडून निल दाखला घेऊन गेलेल्या एका सभासदाला आमचं मागणीपत्र गेलं. तो माणूस दाखला घेऊन आला, आवाज चढवून गेला, आणि त्याचं चुकलं नव्हतं. मी सगळ्यांच्या संगणकावर फाईलच्या शेपट्या दिसतील असं केलं, सेव्हचा प्रकार एकदाच ठरवून टाकला आणि जुन्या डीओसी ‘२०१४ पूर्वी’ नावाच्या फोल्डरात कुलूप लावून ठेवल्या. हे काम पहिल्या दिवशी करायचं होतं. मी पाचव्या महिन्यात केलं.

पिग्मीचं त्याहून वाईट. आमचे पिग्मी एजंट दारोदार फिरून रोजची भरणा रक्कम आणतात. त्याच्या नोंदी वर्षाअखेर एका मोठ्या तक्त्यात येतात. तीनशे खाती आणि तीनशे दिवस धरले तरी नव्वद हजार ओळी. जुन्या एक्सएलएस प्रकाराची क्षमता ६५,५३६ ओळींची. दोनचा सोळावा घात, त्याच्यापुढे एक ओळ नाही. लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, त्यामुळे तक्ता पडद्यावर व्यवस्थित होता. मी तो एका बाहेरच्या हिशेबनिसाला पाठवायचा म्हणून जुन्या प्रकारात सेव्ह केला. काही ओळी सेव्ह होणार नाहीत, असा इशारा आला होता. मी ओके दाबलं. मला ते आठवतं, कारण तेव्हा मी फोनवर बोलत होते. चार दिवसांनी त्यांचा फोन: “बाई, तुमचे लोक दिवाळीनंतर पिग्मी गोळाच करत नाहीत काय?” तक्ता तारखेवार होता. ६५,५३६ वी ओळ नोव्हेंबरातल्या कुठल्याशा दिवशी संपत होती. मूळ फाईल शाबूत होती म्हणून निभावलं.

या गोंधळात एक काम मात्र असं झालं की त्याचं मला आजही कौतुक आहे. पावत्यांवर ‘अक्षरी रुपये’ आपोआप यावेत म्हणून जुन्या तक्त्यात एक मॅक्रो होता. कुणी लिहिला, कुठून आला, कुणाला माहीत नाही. बहुतेक ऑफिसांत तो असाच वारशाने येतो. नव्या ठिकाणी तो अडखळायला लागला, एका पॅकेजसाठी लिहिलेला मॅक्रो दुसऱ्यात जसाच्या तसा चालेल याची खात्री नसते. भाचा म्हणाला, मी नवा लिहून देतो. मी म्हटलं, मग तू नोकरीला लागलास की पुन्हा कुणाचे पाय धरू? मॅक्रोच नको. मराठीत शंभरपर्यंतच्या आकड्यांना नियम नाही, प्रत्येकाला आपलं स्वतंत्र नाव. मग पाठ करतो तसंच करायचं. मी ‘अंक’ नावाचं एक लपवलेलं पान केलं, एका स्तंभात १ ते ९९ आणि शेजारी शब्द. पावतीच्या पानावर रकमेचे कोटी, लाख, हजार, शेकडा आणि उरलेले असे तुकडे पाडायचे आणि प्रत्येकाचा शब्द व्हीलुकअपने त्या पानावरून उचलायचा.

ते नव्व्याण्णव शब्द ठरवताना ऑफिसात जो वाद झाला तो कुठल्याही फाईल-प्रकारावरच्या वादापेक्षा मोठा होता. एकोणनव्वद की नव्याऐंशी? त्रेसष्टला ट की ठ? कॅशियर बाईंचं माहेर विदर्भातलं, शिपाईमामा कोकणातले, प्रत्येकाची पाढ्यातली चाल वेगळी. गुरुजींनी शेवटी कागद ओढून घेतला आणि वळणदार अक्षरात सगळी यादी लिहून दिली. पहिल्या दिवशी शंभर रुपयांच्या पावतीवर ‘एकशे रुपये फक्त’ आलं. मग नेमक्या शंभरासाठी वेगळी अट घातली. तो तक्ता आजही चालतो. कॅल्कमध्ये चालतो, एक्सेलमध्ये चालतो, कारण त्यात साध्या सूत्रांपलीकडे काही नाही. मी त्यातून उचललेली सवय अशी की एखादी युक्ती फार चतुर वाटली की आधी विचारायचं, ही शेजारच्या संगणकावर चालेल का.

मधल्या काळात मी या फाईल-प्रकारांबद्दल वाचायला लागले होते. आपल्याला छळणाऱ्याची कुळकथा माहीत असावी, एवढ्याच हेतूने. ओडीएफ हा प्रकार ओॲसिस या संस्थेने मे २००५ मध्ये मान्य केला आणि २००६ साली तो आयएसओचा प्रमाणित मानक झाला. मायक्रोसॉफ्टचा डॉकएक्स-एक्सएलएसएक्सचा प्रकार २००८ साली आयएसओत आला. त्याचा मसुदा सहा हजारांवर पानांचा होता, आणि त्या मतदानात भारताने विरोधात मत दिलं होतं. नोव्हेंबर २०१० मध्ये आपल्या केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचं धोरणही काढलं. हे वाचून मी भारावले, आणि त्याच आठवड्यात एका कचेरीतून आमची ओडीटी फाईल ‘उघडत नाही, वर्डमध्ये पाठवा’ असा शेरा मारून परत आली. मी निमूटपणे डॉकएक्स करून पाठवली. धोरण दिल्लीत असतं, आवक-जावक तालुक्यात.

आणि हेही खरं की हा त्रास आम्ही फुकटच्या वाटेला गेलो म्हणून सुरू झाला नव्हता. २००७ नंतर बाहेरून डॉकएक्स यायला लागल्या तेव्हा आमच्या ऑफिस २००३ मध्ये त्या उघडायच्या नाहीत, वेगळी जोडणी बसवावी लागली होती. कंपनी तीच, पॅकेज तेच, फक्त दोन पिढ्या. तेव्हा आम्ही त्याला अडचण म्हटलं नाही, ‘नवीन आलंय’ म्हटलं. माणूस पैसे मोजून घेतलेल्या गोष्टीवर कमी चिडतो की काय कोण जाणे. आमच्याकडे तर तेही मोजले नव्हते.

सुसंगतपणापायी लोक किती दूर जातात याची माझी आवडती गोष्ट एक्सेलची आहे. एक्सेलच्या लेखी १९०० साल लीप वर्ष आहे. ते नव्हतं, २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस कधी उगवलाच नाही. पण त्याआधीच्या लोटस १-२-३ मध्ये ही चूक होती आणि तिथले तक्ते इकडे नीट चालावेत म्हणून ती जशीच्या तशी घेतली, आजतागायत ठेवली. मी हे अण्णांना सांगितलं. आमच्या अहवालाच्या पहिल्या पानावर ‘सहर्ष’ हा शब्द कैक वर्षं ‘सहर्श’ छापला जात होता आणि मी दुरुस्त करायला गेले की अण्णा म्हणायचे, राहू दे, दरवर्षी तसाच असतो. ते म्हणाले, “बघ, मोठमोठे तेच करतात.”

ऑडिटर साहेबांशी मात्र हळूहळू घडी बसली. पहिल्या वर्षी एकच अहवाल आमच्यात आणि त्यांच्यात सात वेळा इकडून तिकडे गेला. इथे ओडीटीतून डॉकएक्स, तिकडे त्यात बदल, परत आमच्याकडे, पुन्हा तेच. प्रत्येक फेरीत काहीतरी निसटायचं: एका रकान्याची रुंदी, एका तळटीपेचा आकडा, एका ओळीचं ठळकपण. कानगोष्टींच्या खेळात शेवटच्या मुलाच्या तोंडून जे बाहेर पडतं तसं सातव्या वेळचं पान झालं होतं. मग आम्ही ठरवलं की ज्याला फक्त वाचायचं आहे त्याला पीडीएफ, ज्याला बदल करायचे आहेत त्याला एकदाच डॉकएक्स, आणि त्याचे बदल मी वाचून आमच्या मूळ ओडीटीत हाताने घालणार. मूळ प्रत एकच आणि ती आमच्या घरात. पीडीएफ करताना मूळ ओडीटी तिच्या पोटातच ठेवायची सोय सापडली तेव्हा तर मी खूश झाले. साहेबांना ती साधी पीडीएफ दिसते, मी लिब्रेऑफिसात उघडली की टाइप करायला तयार.

ओडीटीच्या पोटात काय असतं हेही मला एका संकटाने शिकवलं. वीज गेली, संगणक धाडकन बंद पडला आणि कर्ज उपसमितीच्या सभेचं इतिवृत्त उघडेना. भाच्याने फोनवर सांगितलं, नावाची शेपटी बदलून झिप कर आणि उघड. उघडलं तर आत चारपाच फायली. एकीचं नाव कंटेंट डॉट एक्सएमएल. ती साध्या नोटपॅडात उघडली आणि कोनी कंसांच्या जंगलात आमची वाक्यं मराठीत, जशीच्या तशी उभी होती. ‘सर्वानुमते ठराव मंजूर.’ डॉकएक्सही आतून अशीच गुंडाळलेली असते, त्यामुळे यात एकाचं श्रेय दुसऱ्याला द्यायचं नाही. पण मला त्या वेळी वाटलं की आपलं लिहिलेलं कुठल्याही दुकानाची किल्ली नसताना वाचता येतंय. मी कंस गाळत गाळत पावणेदोन पानं परत मिळवली.

हे वाटणं टिकलं नाही फार, कारण त्यानंतर मी ‘२००३ पूर्वी’ हे फोल्डर उघडलं.

माझ्या आधीच्या ऑपरेटरने १९९८ पासूनची इतिवृत्तं संगणकावर टाइप केली होती. युनिकोड तेव्हा आमच्या गावी आलेला नव्हता. त्या काळच्या मराठी फॉन्टांची रीत अशी की संगणकाच्या लेखी सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असत, फक्त फॉन्ट त्यांच्या अंगावर मराठी रूप चढवायचा. फॉन्ट आहे तोवर ‘ठराव क्रमांक ४’, फॉन्ट काढला की कंस, डॉलर, उद्गारचिन्ह आणि पडझड. तो फॉन्ट एका जुन्या संगणकावर होता आणि तो संगणक केव्हाच भंगारात गेला. इथे ओडीटी काय आणि डीओसी काय, दोघी निर्दोष. फाईल बिनचूक उघडते, आत मराठी नाहीच.

फॉन्ट शेवटी एका छापखान्यात मिळाला. मी तो बसवला, फायली उघडल्या, काही जागी दुरुस्ती करायला लागले आणि बघते तर माझ्या डोळ्यांदेखत अक्षरं बदलायला लागली. लिब्रेऑफिसची आपोआप दुरुस्ती चालू होती. त्याला वाटत होतं मी इंग्रजी लिहितेय. वाक्याचं पहिलं अक्षर ते मोठं करत होतं, सरळ अवतरणचिन्हं वळणदार करत होतं, आणि प्रत्येक वेळी एका काना-मात्रेचा बळी जात होता. ते बंद केलं. मग युनिकोडमध्ये रूपांतर करून देणारं एक साधन मिळवलं. नव्वद टक्के काम ते करतं आणि उरलेल्या दहा टक्क्यांत सगळी माणसांची नावं असतात. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये बरोबर उलट. त्यामुळे ‘कार्यकारी’चा रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो आणि ‘पाऱ्याचे’, ‘सुऱ्याचे’ अशा शब्दांतला अर्धा र तर गायबच होतो.

सुदैवाने सह्यांची कागदी इतिवृत्त पुस्तकं आहेत. एका कोपऱ्याला वाळवी लागलेली, पण आहेत. शनिवारी दुपारी काऊंटर बंद झाला की गुरुजी येतात, आता त्यांची संचालकपदाची मुदतही संपली आहे. ते पुस्तकातून मोठ्याने वाचतात, मी पडद्यावर बोट ठेवून जुळवते आणि जिथे अडखळते तिथे दुरुस्त करून ओडीटीत ठेवते. शिपाईमामा चहा आणतात आणि उभ्याउभ्या सांगतात की त्या सभेत अमुक कसा तावातावाने बोलला होता, जे इतिवृत्तात कुठेच नाही. गुरुजी त्यांना गप्प करतात. मागच्या शनिवारी २००१ चा मे महिना झाला. ठराव क्रमांक ९ पाशी आम्ही थांबलो, कारण पुस्तकात तिथे शाईचा डाग आहे आणि फाईलमध्ये एक प्रश्नचिन्ह. रक्कम किती मंजूर झाली ते दोन्हीकडे वाचता येत नाही. अण्णांना विचारायचं ठरलंय, ते त्या सभेला होते.